कडेनं धरायचं

माझे बारकूकाका सुटे पैसे हातात घेत नाहीत. म्हणजे घेतात, पण तुम्ही-आम्ही घेतो तसे नाही. मुरबाडला त्यांची पिठाची गिरणी आहे. दळण झालं की गिऱ्हाईक पैसे पुढे करतं आणि काका हात मागे घेतात. मग हनुवटीनं फळीकडे खूण करतात. तिथे एक पंचा घडी करून ठेवलेला असतो. नाणी त्या पंच्यावर ठेवायची. टाकायची नाहीत, ठेवायची. कोणी टाकली तर काका डोळे मिटून घेतात. मग पिठाचे हात फडक्याला पुसतात आणि एकेक नाणं चिमटीत उचलून, अगदी कडेनं धरून, डोळ्यांजवळ नेतात. पुढून बघतात, उलटं करून बघतात. तोवर रांगेतल्या बायका डबे खाली ठेवून बसलेल्या असतात.

"कडेनं धरायचं," काका त्यांना सांगतात. "त्याच्या तोंडाला बोट नाय लावायचं. तुझ्या तोंडावर कोणी तेलाचा हात फिरवला तर चालंल काय तुला?"

"माझ्या तोंडाचं राहू दे, बारकूदादा," एखादी म्हणते. "भाकऱ्या कधी करू त्या सांग."

नवीन माणसाला वाटतं, आपलं नाणं खोटं आहे का ते तपासतायत. बाजारपेठेतला एक दुकानदार एकदा चांगलाच चिडला होता. "आमी काय खोटे पैसे देतो काय?" काका शांतपणे म्हणाले, "नाय हो. हे हैदराबादचं हाय." मग त्यांनी त्याला नाण्यावरच्या सालाच्या खालची बारीक चांदणी दाखवली. चांदणी असली की नाणं हैदराबादच्या टांकसाळीत पडलेलं. पत्त्यातल्या चौकटीसारखी खूण असली की मुंबईचं. काहीच नसलं की कलकत्त्याचं. दुकानदारानं खिशातली उरलेली नाणी काढून तिथेच उलटीपालटी केली आणि दळण न घेताच निघून गेला. अर्ध्या वाटेवरून परत आला.

काका स्वतः कल्याणच्या पुढे फारसे गेलेले नाहीत. पण "आज हैदराबादची दोन आली," असं ते घरी सांगतात तेव्हा पाहुणे जेवायला आहेत की काय असं वाटतं.

मी त्यांच्या भावाची मुलगी. आमचं गाव शेणव्याच्या बाजूला. आमच्या घरात बारावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. मी जायचं ठरवलं तेव्हा घरात सगळ्यांनाच थोडी भीती वाटली, मला जास्त. काका-काकीला मूलबाळ नाही. काका शेणव्याला आले आणि वडिलांना म्हणाले, "मुरबाडला कॉलेज हाय, माझं घर हाय. पोरगी माझ्याकडं राहील." एवढं बोलून ते एसटीनं परत गेले. नाव बारकू असलं तरी माणूस इतका उंच की आमच्या दारातून वाकून निघावं लागलं.

त्यांच्या घरी राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला नाण्यांच्या शाळेत घातलं. मी जरा घाबरत विचारलं होतं की मलाही जमवायची असतील तर कुठून विकत आणायची. काकांनी गिरणी बंद केली. खरोखर पट्टा थांबवला.

"विकत?" ते म्हणाले. "पयल्या वर्षी विकत काय घ्यायचं नाय. आधी बघायला शिकायचं. तुझ्या एसटीच्या पैशातच कितीतरी हायत. चौकोनी पाच पैसे बघितलेस? कंगोऱ्याचे धा पैसे? ते बघता बघता जातील बघ. लोक आता घेत नाय. तू घे."

मग आतून काकीचा आवाज आला, "शेळी दाखवा ना तिला."

ही शेळी काय आहे ते सांगितलं पाहिजे. लग्नानंतर दोनेक वर्षांत काका एका जत्रेत घरची शेळी विकायला घेऊन गेले होते. शेळी विकली गेली. तिथे एका झोळीवाल्यानं त्यांना राम-सीतेचं चित्र असलेलं एक काळपट नाणं दाखवलं. फार जुनं, राजेरजवाड्यांच्या काळातलं, आणि अस्सल असल्याची खूण म्हणजे ते तांदळाचे दाणे स्वतःकडे ओढून घेतं. झोळीवाल्यानं तळहातावर दाणा ओढला जाताना दाखवलाही. काकांनी शेळीचे सगळे पैसे देऊन ते नाणं आणलं. आणलं ते कुठे? गिरणीत. जिथे तांदळाला तोटा नाही. त्यांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवलं, परातीत ठेवलं, दाण्यांवर धरलं, दाण्यांखाली धरलं.

"एक दाणा हलला नाय," काका सांगतात. "पिठाला बी जवळ नाय येऊ दिलं त्यानं."

तेव्हापासून काकी त्या नाण्याला शेळी म्हणते. "शेळी कुठंय?" "शेळीला बांधलीत काय?" दुसरा माणूस असता तर ते नाणं त्यानं विहिरीत टाकलं असतं. काका ते शर्टाच्या खिशात घालून हिंडतात. म्हणतात, "ही माझी मास्तरीण. कायपण घ्यायच्या आधी हिला हात लावतो."

त्या शेळीनंतर काकांनी स्वतःला एक नियम घालून घेतला. गिरणीत आलेलं तेवढंच ठेवायचं. बाहेर कुठे मिळालं तर बघायचं, कौतुक करायचं, सोडून द्यायचं. मी म्हटलं, असं का? ते म्हणाले, "सगळं जमवायला गेलीस तर काय नाय जमणार. एक वाट धरायची. माझी वाट गिरणीची."

आणि त्या एका वाटेनं काय काय आलं होतं. जुन्या माणसांच्या कनवटीला राहिलेला तांब्याचा ढब्बू पैसा, भोकाचा पैसा, कमळाचे पिवळे वीस पैसे. त्या कमळाच्या नाण्यात सोनं असतं अशी लोकांची समजूत, म्हणून बायका ते देव्हाऱ्यात ठेवायच्या. धसईच्या एका म्हातारीनं आपलं नाणं काकांना स्वतःहून आणून दिलं. म्हणाली, "माझ्याकडं सोनं म्हणून पडलंय. तुझ्याकडं नाणं म्हणून तरी राहील."

आधी काका नाणी प्लास्टिकच्या पिशव्यांत ठेवायचे. मुरबाडच्या पावसात त्या पिशव्यांना आतून घाम आला आणि अर्धी नाणी हिरवी पडली. मग त्यांनी कागदाची पाकिटं केली. खळ लावली तर कसर लागते, हे गिरणीवाल्याला कोणी सांगायला नको, म्हणून नुसत्या घड्या घातलेली. प्रत्येक पाकिटावर पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात, नाणं कोणाकडून आलं ते. "धसईची आजी, नाचणीबरोबर." "शाळेतला शिपाई, गहू." वीज गेली की गिरणी थांबायची आणि काका पाकिटांचे डबे उघडून बसायचे. मुरबाडला वीज जाण्याचा आनंद होणारा तो एकच माणूस असेल.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम वेगळा होता. नाणं घासायचं नाही. चिंच नाही, राख नाही, लिंबू नाही, काही नाही. "त्याचा काळा रंग म्हणजे मळ नाय," ते म्हणायचे. "ते त्याचं वय हाय. घासलं की वय गेलं. मग रायलं काय? पत्रा."

हे ते साऱ्या मुरबाडला पटवू शकले, काकीला नाही. काकीकडे एक राणीछाप रुपया आहे, चांदीचा. तिच्या आईनं लग्नात दिलेला. तो संग्रहात नाही, काकीचा आहे. तिथल्या माझ्या पहिल्या दिवाळीला मी बघितलं, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी काकी भांड्यांबरोबर तो रुपयाही घेऊन मोरीवर बसली. काका तिच्याभोवती घुटमळत राहिले.

"राणीचं नाक गेलं बघ. दरवर्षी थोडं थोडं जातंय."

"जाऊ दे. लक्ष्मीपुढं काळा रुपया ठेवू? माझ्या आईनं कधी नाय ठेवला."

"अगो पण..."

"तुमची नाणी तुमी ठेवा काळी. माझ्या घरातली वस्तू घासलेलीच असंल."

काका गिरणीत जाऊन बसले. सणाच्या दिवशी, गिरणी बंद असताना. संध्याकाळी रुपया आरशासारखा लखलखत होता आणि काका त्याच्याकडे न बघता आरती म्हणत होते.

काकांची एक इच्छा होती, ती मला उशिरा कळली. कल्याणला एक गृहस्थ राहत. बँकेतून निवृत्त झालेले, नाण्यांतले जाणकार. काका त्यांना नुसते "कल्याणचे साहेब" म्हणायचे. एकदा ते निवडक पाकिटं घेऊन त्यांच्या दारापर्यंत जाऊन आले होते. घंटी वाजवली नाही. शर्टाच्या शिवणीत पीठ होतं म्हणे.

"लोक चांगलं म्हणतात गो," ते मला म्हणाले. "पण लोक शेळीला बी चांगलं म्हणाले होते. एकदा जाणत्या माणसानं बघायला पायजे. जमलंय का नाय, तेवढंच सांगावं."

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या इतिहासाच्या सरांना, फार धीर करून, काकांबद्दल सांगितलं. सर स्वतः गिरणीत आले, पंच्यावर नाणी ठेवून दळणाचे पैसे दिले, आणि स्नेहसंमेलनात काकांच्या नाण्यांचं प्रदर्शन ठरलं. पाहुणे म्हणून सरांनी बोलावलं ते नेमके कल्याणच्या साहेबांना. काकांनी हे ऐकलं आणि तीन जणींचं दळण एकाच डब्यात सोडलं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी काका गिरणीचा पट्टा आणायला कल्याणला गेले होते. मी कॉलेजात टेबलांना पांढरे कागद लावत होते. आम्ही दोघं संध्याकाळच्या सुमाराला बरोबरच घरी पोचलो, ते एसटी स्टँडवरून, मी कॉलेजातून.

ओटीवर काकीचं जुनं लुगडं पसरलेलं होतं आणि त्यावर काकांची सगळी नाणी चमकत होती. सगळी. ढब्बू पैसे नव्या तांब्याच्या कळशीसारखे. कमळाची नाणी तर खरोखरच सोन्याची वाटावीत अशी. काकीला वाचता येत नाही. म्हणून तिनं प्रत्येक नाण्याच्या शेजारी त्याचंच पाकीट ठेवलं होतं आणि ते उडू नये म्हणून वर एकेक खडा. एकही नाणं इकडचं तिकडे झालं नव्हतं. ती चिंचेच्या पाण्यानं काळी पडलेली बोटं पुसत उभी राहिली.

"लग्नाला कोणाकडं भांडी दिली तरी मी घासून देते," ती म्हणाली. "हे तर कॉलेजात जायचं."

काका अंगणात उभे होते. नवीन पट्टा त्यांच्या खांद्यावर तसाच होता.

"सगळी?" त्यांनी विचारलं.

"सगळी. शेळी तेवढी नाय सापडली."

शेळी त्यांच्या खिशात होती. त्यांनी वर येऊन एक नाणं कडेनं उचललं, उजेडाकडे धरलं.  मला वाटलं, आता काहीतरी फुटणार.

"कधी बसली होतीस?" ते म्हणाले.

"तुमी गेल्यापासनं. बारीक अक्षरात लय मळ होता."

"हां," काका म्हणाले. "अक्षरं उठून दिसतात."

आणि पट्टा बसवायचा आहे म्हणून गिरणीत गेले. मी थोड्या वेळानं मागे गेले. ते पट्टा मांडीवर घेऊन नुसते बसले होते.

"काका, सरांना सांगू का? पुढे ढकलतील."

"का म्हणून? न्यायची."

"पण साहेब बघतील ना."

"बघू देत." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिला बोलायचं नाय. तू बी नाय. दिवसभर कंबर मोडून केलंय तिनं."

दुसऱ्या दिवशी काका धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. काकीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. ती कॉलेजात पहिल्यांदाच येत होती. फाटकापाशी तिनं चपला काढल्या, मी तिला परत घालायला लावल्या. मला त्या दिवशी इतका अभिमान वाटत होता की मी कोणाशी नीट बोलूही शकत नव्हते. टेबलावर मीच पाटी लिहिली होती, "मुरबाडच्या एका गिरणीत आलेली नाणी." पोरांची ही गर्दी. त्यातली निम्मी काकांना गिरणीवाला म्हणून ओळखत होती आणि आज वाकून बघत होती. काकी टेबलाच्या कडेला उभी होती. कोणी "काय चमकतायत" म्हणालं की पदर सावरायची.

साहेब दुपारी आले. बुटके, हसरे गृहस्थ. खिशातून भिंग काढलं आणि पहिलं नाणं उचललं, चिमटीत, कडेनं. काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. तो फार टिकला नाही. साहेबांनी दुसरं नाणं घेतलं, तिसरं घेतलं, भिंग खाली ठेवलं.

"अरेरे," ते म्हणाले. "ही घासली कोणी?"

काकी एक पाऊल पुढे आली. तिच्या ओठांवर हसू होतं. ती सांगणार होती.

"मी," काका म्हणाले.

 काका सरळ साहेबांकडे बघत होते. "नवीन होतो, साहेब. चमकली तर बरी दिसतील असं वाटलं."

"अहो, किती सुंदर जमवलंय तुम्ही," साहेब कळवळून म्हणाले. "पाकिटं बघा, नोंदी बघा. एवढी निगा आणि पहिलाच धडा चुकलात? नाणं कधी घासायचं नसतं."

"चुकलं," काका म्हणाले. "परत नाय घासणार."

ज्या माणसानं सारं मुरबाड चिंच आणि राखेपासून लांब ठेवलं होतं तो मान खाली घालून हे ऐकून घेत होता. मला तोंड उघडावंसं वाटत होतं. काकांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. वजन भरपूर होतं.

साहेब पुढे सरकले आणि शेवटच्या नाण्यापाशी थांबले. ते सकाळीच काकांनी खिशातून काढून ठेवलं होतं. साहेबांनी ते बराच वेळ बघितलं. "हं. हे तेवढं कोणी घासलेलं नाही. रंग अगदी जसाच्या तसा," ते म्हणाले, आणि मग जरा ओशाळून, "पण हे खोटं आहे हो."

"ती आमची शेळी," काका म्हणाले.

आणि त्यांनी साहेबांना शेळीची गोष्ट सांगितली, तांदळाच्या डब्यासकट. साहेब डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. पोरं हसली, सर हसले. काकी नेहमी या गोष्टीत सगळ्यात मोठ्यानं हसते. त्या दिवशी ती नुसती उभी होती, आणि तिचे दोन्ही हात पदराखाली होते.

घरी जाताना नाण्यांचा डबा काकीनं स्वतःच्या हातात घेतला. पाटाच्या वळणापाशी तिनं विचारलं, "सायेब काय बोलले?"

"मांडणी आवडली त्यांना," काका म्हणाले. "निगा राखलीय म्हणाले."

ते खोटं नव्हतं. काकीनं डबा दुसऱ्या हातात घेतला आणि चालू लागली.

त्यानंतर कॉलेजची पोरं गिरणीत यायला लागली, खिशातली चिल्लर घेऊन. काका दळता दळता शिकवायचे. बघायला शिका. विकत घेऊ नका. एक वाट धरा. कडेनं धरायचं. आणि प्रत्येक नव्या पोराला, पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून, "घासायचं नाय. मी घासली, माझी गेली. तुमी नका घासू." मागचं दार उघडंच असायचं. आत काकी भाकरी थापत असायची. थापण्याचा आवाज तेवढा थांबायचा, मग परत सुरू व्हायचा.

मधूनमधून काका एखादा ढब्बू पैसा उजेडात धरून मला हळूच दाखवायचे. "येतोय बघ रंग. कडेकडेनं येतोय."

पुढच्या दिवाळीला माझं गावाला जायचं लांबलं, म्हणून लक्ष्मीपूजनाला मी मुरबाडलाच होते. काकी सकाळपासून मोरीवर बसली होती. काका दरवर्षीप्रमाणे घुटमळले नाहीत, आधीच गिरणीत जाऊन बसले. संध्याकाळी काकीनं पाटावर सगळं मांडलं. समई, तांब्या, ताम्हण, घंटा, एकेक वस्तू अशी की त्यात माझा चेहरा दिसत होता. शेवटी तिनं कनवटीची डबी उघडली आणि आईचा रुपया काढला. दोन बोटांच्या चिमटीत, कडेनं. तो ताम्हणात ठेवला.

रुपया काळपट होता. राणीच्या केसांमध्ये, कानाशी, वर्षभराचा रंग बसला होता.

काका आरतीचं ताट घेऊन आले होते ते तसेच थांबले. 

"हा नाय घासलास?"

"हात दुखत होते," काकी म्हणाली, आणि समईची वात पुढे केली.